मधुमेहामुळे रात्री गाडी चालवताना नीट दिसत नाही : मदत हवी आहे (गुहागर–चिपळूण रस्ता)

सर्वांना नमस्कार.

माझे वय ५३ आहे आणि गेली १२ वर्षे मला मधुमेह आहे. घर गुहागर तालुक्यात, शृंगारतळीपासून आत एका वाडीत आहे, आणि नोकरी चिपळुणात एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून आहे. रोज जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर मी स्वतः गाडी चालवतो. सकाळी काहीच अडचण येत नाही. अडचण येते ती परतताना. दिवसाचा मेळ जुळवून निघेपर्यंत पावणेसात-सात वाजतात, आणि मिरजोळी ओलांडून रामपूरच्या दिशेने लागलो की बराच वेळ रस्त्यावर उजेड असा दिसतो तो फक्त समोरून येणाऱ्या गाडीचा.

नेमके काय होते ते शक्य तितके स्पष्ट लिहितो, कारण तपासणीच्या खोलीत मला ते नीट सांगता आले नाही. समोरून अप्पर लाईट लावून गाडी आली की तिच्या दिव्यांभोवती मोठे वलय पसरते आणि त्या वलयात रस्त्याची डावी कड पूर्ण नाहीशी होते. गाडी निघून गेल्यावरही तीन-चार सेकंद माझ्यासमोर काळोखाचा एक डाग राहतो. मार्गताम्हाने बाजारातील दुकानांच्या उजेडातून पुन्हा अंधारात शिरताना हेच होते, फक्त जास्त वेळ. काही संध्याकाळी हा त्रास बराच कमी असतो आणि काही संध्याकाळी इतका की मी ताशी ३० च्या वर जात नाही. हा फरक का पडतो, ते मला उलगडत नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका वळणावर समोरून डंपर आला. तो गेला आणि मी पुढे सरकलो, तेव्हा रस्त्याच्या कडेने डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेल्या बाई मला दिसल्याच नाहीत. दिसला तो अगदी शेवटी भाऱ्याखालचा लुगड्याचा पांढरा काठ. गाडी थांबली तेव्हा त्यांच्यात आणि बंपरमध्ये दोन हातांचे अंतर होते. त्या मला ओळखत होत्या. "भाऊ, दिसलं नाय काय?" एवढेच त्या म्हणाल्या. मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मला त्या रस्त्याची भीती वाटते आणि ती भीती खरी आहे असे माझे मत आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

डोळ्यांचा इतिहास असा आहे. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढल्याचे आढळले आणि तीन बैठकांमध्ये लेझर करण्यात आले. दृष्टी वाचली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. मात्र त्या उपचाराने रात्रीच्या दृष्टीवर परिणाम होऊ शकतो, हे मला त्या वेळी कोणीही सांगितले नव्हते. डाव्या डोळ्याला आतापर्यंत उपचार लागलेला नाही. गेल्या तपासणीत भिंतीवरचा तक्ता वाचून दाखवला तेव्हा दोन्ही डोळे ६/९ निघाले आणि 'डोळे ठीक आहेत' असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. तक्ता मी वाचला, हे खरेच आहे. पण तो काळ्या ठसठशीत अक्षरांचा, पांढऱ्या उजेडात उभा असलेला तक्ता होता, आणि माझा प्रश्न काळ्या डांबरावरून काळोखात चाललेल्या माणसाचा आहे.

साखरेबद्दल सांगायचे तर उन्हाळ्यात माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.२ होती. गोळ्या वाढवून आणि जेवण आवरून चार महिन्यांत ती ७.४ वर आणली. सकाळी न्याहारीबरोबर ग्लिमेपिराईड आणि दोन वेळा मेटफॉर्मिन, या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतो. मधल्याच काळात नवा चष्मा केला, पण तो दीड महिन्यात डोळ्यांना बसेनासा झाला. त्यानंतर एका चष्म्याच्या दुकानात रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून पिवळ्या काचांचा चष्मा मला देण्यात आला. तो लावला की समोरचा झगझगाट सौम्य वाटतो, पण कडेची माणसे अधिकच उशिरा दिसतात असा माझा अनुभव आहे. हे माझ्या मनाचे खेळ आहेत की त्यात तथ्य आहे, हेही कळावे.

गाडी चालवणे बंदच करावे, हा सल्ला घरातून मिळाला आहे आणि तो मी टाळत नाही. परंतु आमच्या वाडीत १४ घरे आहेत, चारचाकी एकच आहे आणि ती माझी आहे. गेल्या पाच वर्षांत विंचू-साप चावलेली माणसे, बाळंतपणासाठी निघालेल्या दोन मुली आणि माझी स्वतःची ८१ वर्षांची आई यांना मीच रात्री-अपरात्री दवाखान्यात नेले आहे. रुग्णवाहिका येते, पण पावसात आमच्या घाटीपर्यंत पोचायला तिला वेळ लागतो. म्हणून मला केवळ 'चालवू नका' हे ऐकायचे नाही. माझ्या त्रासात डोळ्यांचा भाग किती, साखरेचा किती आणि गाडीचा किती, हे वेगळे कसे करायचे? डॉक्टरांकडे कोणत्या तपासण्या नाव घेऊन मागायच्या? आणि रात्री चालवणे सुरक्षित आहे की नाही, हे स्वतःला न फसवता कसे ठरवायचे? ज्यांना या वाटेने जावे लागले आहे किंवा ज्यांचे या विषयाचे शिक्षण आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

नमस्कार. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर आणि चष्म्याचा नंबर तपासणारा आहे आणि मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांची प्राथमिक तपासणी हे माझे रोजचे काम आहे. आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की त्यांच्या आधारे बरेच काही सांगता येते, तरीही निदान पडद्याच्या तज्ज्ञांनीच करायचे आहे, हे धरून पुढचे वाचावे.

तक्त्याबद्दल आपले म्हणणे योग्य आहे. ६/९ हा आकडा भरपूर उजेडात, ठळक अक्षरे किती लहान असेपर्यंत वाचता येतात एवढेच सांगतो. पडद्याच्या मध्यभागी शंक्वाकार पेशी दाटीने असतात आणि तक्ता त्यांच्यावर वाचला जातो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशी मध्यबिंदूच्या बाहेर, परिघाकडे पसरलेल्या असतात. आपल्या उजव्या डोळ्यात जे लेझर झाले, ते परिघावर शेकडो बारीक ठिपके भाजून केले जाते. त्यामुळे पडद्याची प्राणवायूची मागणी कमी होते आणि नव्या रक्तवाहिन्या आक्रसतात. मधली दृष्टी वाचवण्यासाठी कडेची थोडी दृष्टी खर्च होते, आणि तो उपचार झाला नसता तर आज डोळा गमावण्याची वेळ येऊ शकली असती. मात्र हा खर्च तक्त्यावर दिसत नाही, तो रस्त्यावर दिसतो. म्हणून दृष्टिक्षेत्राची तपासणी, जिला पेरिमेट्री म्हणतात, दोन्ही डोळ्यांची स्वतंत्रपणे करून घ्यावी.

दिव्यांभोवतीचे वलय ही मात्र लेझरची खूण नव्हे. ते वाचून मला डाव्या डोळ्याची शंका येते. मधुमेहात मोतीबिंदू लवकर होतो, आणि भिंगाच्या मागच्या पापुद्र्यावर होणारा प्रकार असा असतो की दिवसा माणूस तक्ता वाचतो आणि रात्री समोरच्या दिव्याने आंधळा होतो. थेंब घालून बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर, पाहिल्याशिवाय तो सहज सुटून जातो. 'कॉन्ट्रास्ट' तपासणीही नाव घेऊन मागावी. तिच्या तक्त्यावर अक्षरांचा आकार तोच राहतो, फक्त ती फिकट होत जातात, आणि आपला भाऱ्याचा प्रसंग नेमका या तपासणीत सापडण्यासारखा आहे. शिवाय ओसीटी, म्हणजे प्रकाशाने घेतलेली पडद्याच्या थरांची प्रतिमा, करून पडद्याच्या मध्यभागी सूज नाही ना, हे पाहून घ्यावे. थेंब घातल्यावर बाहुली चार ते सहा तास मोठी राहते, त्या दिवशी गाडी आणू नये.

काही संध्याकाळी बरे आणि काही संध्याकाळी वाईट दिसते, याचे उत्तर बहुतेक साखरेत आहे. साखर चढली की डोळ्याच्या भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि चष्म्याचा नंबर सरकतो. साखर उतरली की तो पुन्हा सरकतो. आपण ९.२ वरून ७.४ वर येत असतानाच चष्मा केला, म्हणून तो बसेनासा झाला. साखर निदान चार ते सहा आठवडे स्थिर राहिल्याशिवाय नवा नंबर काढू नये. ज्यांच्या पडद्यावर आधीच दोष आहे, त्यांची साखर झपाट्याने खाली आली तर सुरुवातीच्या काही महिन्यांत पडद्याची स्थिती तात्पुरती बिघडू शकते. याचा अर्थ साखर वाढू द्यावी असा मुळीच नाही. या काळात पडद्याची तपासणी लांबवू नये, एवढाच अर्थ घ्यावा.

दुसरी शक्यता अधिक धोक्याची आहे. आपण सकाळी ग्लिमेपिराईड घेता आणि संध्याकाळी सातला, चहाही वेळेवर न घेता, निघत असाल तर त्या वेळी साखर खाली गेलेली असू शकते. रक्तातील साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) च्या खाली गेली की दृष्टी धूसर होते, क्वचित एकाचे दोन दिसते आणि निर्णयाला उशीर होतो. हे सगळे माणूस डोळ्यांच्या माथी मारतो. गाडी सुरू करण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर पाहावे. ब्रिटनमध्ये ज्या मधुमेही चालकांना इन्सुलिनमुळे साखर उतरण्याचा धोका असतो, त्यांना ९० च्या खाली असेल तर आधी काही खायला आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पाहायला सांगितले जाते. तोच दंडक आपण पाळावा, असे मला वाटते. वाटेत घाम, थरथर किंवा धूसरपणा जाणवला तर आधी गाडी कडेला उभी करावी, इंजीन बंद करावे आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून घ्यावी. नारळाची वडी किंवा चॉकलेट त्या क्षणी उपयोगाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि साखर सावरली तरी पुढची ४५ मिनिटे चाक हातात घेऊ नये, कारण मेंदू आकड्याइतक्या लवकर सावरत नाही.

पिवळ्या चष्म्याबद्दलचा आपला अनुभव मनाचा खेळ नाही. रंगीत काच डोळ्यात जाणारा प्रकाश कमी करते, आणि रात्री आपल्याला प्रकाशच हवा असतो. अमेरिकेतील बोस्टन येथे संशोधकांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर हे तपासले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. पिवळ्या काचांमुळे रस्त्यावरचा पादचारी लवकर दिसण्यास काहीही मदत झाली नाही. तो चष्मा बाजूला ठेवावा. नंबर स्थिर झाल्यावर पारदर्शक काचांना प्रतिबिंबरोधक लेप घ्यावा, त्याचा थोडा उपयोग होतो.

गाडीचा भागही कमी नसतो. आपल्याकडे खारा वारा आणि धूळ मिळून समोरच्या काचेवर एक पातळ थर बसतो, आणि आतल्या बाजूने तो कोणी पुसत नाही. समोरचा दिवा त्या थरावर पसरतो. काच दोन्ही बाजूंनी धुवावी, पावसाळ्याआधी वायपरचे रबर बदलावे, हेडलाईटचे पिवळे पडलेले प्लास्टिक घासून स्वच्छ करून घ्यावे आणि दिव्यांचा कोन गॅरेजमध्ये तपासून घ्यावा.

वेगाचा हिशेब आपण हिशेबनीस असल्यामुळे आपल्याला पटेल. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेले तर २५ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २० मीटर धरले तर एकूण ४५ मीटर झाले. डिप्परचा उपयोगी उजेड साधारण तेवढाच पोचतो. म्हणजे निरोगी डोळ्यांनाही ६० च्या वेगात काही शिल्लक राहत नाही. ताशी ४० ला हाच आकडा २६ मीटरच्या आसपास येतो. परंतु तीन सेकंद काही दिसतच नसेल तर ४० च्या वेगातही ३३ मीटर गाडी आंधळी धावते. ही तूट वेग कमी करून भरून निघत नाही.

स्वतःला न फसवता कसे ठरवायचे, यासाठी मी रुग्णांना एक साधी गोष्ट करायला सांगतो. ज्याची दृष्टी चांगली आहे अशा माणसाला आपल्याच रस्त्यावर, आपल्याच वेळी गाडी चालवायला द्यावी आणि आपण शेजारी बसावे. त्याला माणूस, गुरे किंवा बिनदिव्याची सायकल दिसली की त्याने तोंडाने सांगावे, आणि आपल्याला ती तेव्हा दिसत होती का, हे आपण प्रामाणिकपणे नोंदवावे. येताना एकेक डोळा हाताने झाकून पाहावे. परवान्यासाठीच्या नमुना १ मध्ये रातांधळेपणा आहे का, असा प्रश्न आहे. आपण सगळे त्यावर 'नाही' लिहितो, पण त्याचे खरे उत्तर अशाच एखाद्या संध्याकाळी मिळते.

प्रतिसाद (दापोलीहून)

काका, नमस्कार. माझ्या वडिलांना हाच त्रास होता, म्हणून थोडेसे लिहिते. त्यांनी गाडी सोडली नाही, फक्त वेळ सोडली. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत ते साडेचारनंतर गाडी काढत नसत आणि कामाच्या ठिकाणी त्यांनी तसे लेखी मागून घेतले होते. आम्ही मुलांनी किल्ली काढून घेतली असती तर ते दुखावले असते, असे मला आजही वाटते. त्यांनी स्वतः ठरवले म्हणून ते पाळले गेले. वाडीच्या अडीअडचणीचे आपण लिहिले आहे, ते मला समजते. पण ती जबाबदारी आपल्या एकट्याच्या डोळ्यांवर का असावी, याचा वाडीत बसून विचार व्हावा, अशी विनंती आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद (पाच आठवड्यांनंतर)

दोघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगितलेल्या गोष्टी करून मगच लिहायचे ठरवले होते.

शेजारच्या घरातील २६ वर्षांचा मुलगा शृंगारतळीत गॅरेजमध्ये काम करतो. त्याला दोन संध्याकाळी चिपळुणात बोलावून घेतले आणि गाडी त्याच्या हाती दिली. मी वही घेऊन बसलो होतो. पहिल्या संध्याकाळी त्याने अकरा वेळा सांगितले: माणूस, बैल, सायकल, पुन्हा माणूस. त्यांतील चार मला त्याच्याबरोबर दिसली, पाच तो बोलल्यावर दिसली आणि दोन गाडी त्यांच्या बाजूने गेली तेव्हा दिसली. उजवा डोळा झाकला की समोरच्या दिव्यांचे वलय सहन होत नव्हते. डावा झाकला की वलय जवळजवळ नव्हते, पण रस्त्याची कडच नव्हती. गेली दोन वर्षे मी एका डोळ्याची उणीव दुसऱ्याने भरून काढतो आहे असे समजत होतो. अंधारात दोन्ही उणिवा एकत्र होत होत्या.

ऑफिसातून निघण्यापूर्वी रोज साखर पाहिली. तीन आठवड्यांत दोनदा ती ९० च्या खाली होती आणि त्यांपैकी एकदा ७६. त्या दोन्ही दिवशी दुपारचे जेवण दीडऐवजी बाराला झाले होते आणि संध्याकाळचे खाणे राहून गेले होते. ही वही मी मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवली, आणि गोळीचा डोस त्यांनी बदलला आहे. स्वतःहून मी काहीही कमी-जास्त केले नाही.

पडद्याच्या तज्ज्ञांकडे तपासण्या नावे घेऊन मागितल्या. त्यांनी एकाही तपासणीला नकार दिला नाही. डाव्या डोळ्यात भिंगाच्या मागच्या बाजूस मोतीबिंदू आहे, मध्यभागी सूज नाही, आणि उजव्या डोळ्याचे दृष्टिक्षेत्र कडेने आक्रसले आहे. ते परत येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते ऐकताना वाईट वाटले, पण दोन वर्षांपूर्वीच सांगितले असते तर त्या बाईंच्या इतक्या जवळ मी गाडी नेली नसती, हे जास्त लागले. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया साखर आणखी महिनाभर स्थिर राहिल्यावर करायचे ठरले आहे.

तोपर्यंत गाडी अंधारात काढत नाही. पतसंस्थेने मला सकाळी लवकर येऊन पाचच्या आत निघण्याची सवलत दिली आहे. मेळ जुळवण्याचे काम सहकारी पाहतात. एखाद्या दिवशी उशीर झालाच तर गाडी चिपळुणात ठेवून गुहागरच्या एसटीने येतो. वाडीच्या बैठकीत मी वहीतील ते अकरा आकडे वाचून दाखवले. बोलताना संकोच वाटला, पण कोणीही वावगे बोलले नाही. गाडीची दुसरी किल्ली आता त्या मुलाच्या घरी खुंटीला असते. विम्याची मुदत आणि त्याचा परवाना दोन्ही मी पाहून घेतले आहेत. परवा रात्री अडीच वाजता वरच्या घरातल्या आजींना धाप लागली तेव्हा गाडी त्याने चालवली आणि मी मागे आजींना धरून बसलो होतो.

एक प्रश्न उरला आहे. एका डोळ्याला परिघावरचे लेझर झालेले आणि दुसऱ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, अशा कोणी शस्त्रक्रियेनंतर रात्री पुन्हा गाडी चालवली असल्यास किती आठवड्यांनी चालवली आणि समोरच्या दिव्यांचे वलय खरोखर किती कमी झाले, हे कृपया लिहावे. बसवायच्या भिंगाचा प्रकार मला येत्या पंधरवड्यात ठरवायचा आहे. एकाहून अधिक अंतरांची सोय असलेल्या मल्टिफोकल भिंगाने रात्री वलये दिसू शकतात आणि पडद्याचा दोष असलेल्यांना ते सहसा सुचवत नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणून माझा कल साध्या, एकाच अंतराच्या भिंगाकडे आहे.